गेम खेळता खेळता कॉम्प्युटर बंद पडतो? मी तपासणी कुठून सुरू करते

गेम सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं छान चालतं. मग पंख्यांचा आवाज चढत जातो आणि चित्र अडखळायला लागतं. त्यानंतर तीनपैकी एक गोष्ट होते: स्क्रीन काळी पडते पण आतले पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात, किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, किंवा कोणी प्लग ओढावा तसं एका क्षणात सगळं बंद. अभ्यास, व्हिडिओ, ऑफिसचं काम यात दिवसभर काही होत नाही, त्रास फक्त गेममध्ये. आणि हेच मशीन जानेवारीत तासन्‌तास बिनतक्रार चालत होतं.

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या कॉलनीत आणि नात्यातल्या घरांत हा बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे, की आता पेचकस हातात घेण्याआधी मी तीन प्रश्न विचारते.

किती मिनिटांनी बंद पडतं? गेम उघडल्या उघडल्या पडत असेल तर संशय उष्णतेवर कमी आणि ड्रायव्हर, रॅम किंवा एसएमपीएसवर (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) जास्त. हीटसिंकला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, तापायला वेळ लागतो, म्हणून उष्णतेचा बिघाड बहुधा पंधरा-वीस मिनिटं घेतो. याला एकच मोठा अपवाद आहे: प्रोसेसरवरचा कूलर सैल असेल तर काही सेकंदांतच पारा वर जातो.

दुपारी पडतं की रात्रीही? मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीवर जातो, पण माळव्यातली रात्र निवते. दुपारी तीनला वीस मिनिटांत पडणारं मशीन रात्री अकराला दोन तास चालत असेल, तर उष्णतेचा पुरावा घरबसल्या मिळाला. दोन्ही वेळी सारखंच पडत असेल तर मी दुसरीकडे बघायला लागते.

बंद पडल्यावर लगेच चालू होतं का? पाच-दहा मिनिटं बटण दाबूनही काही होत नाही आणि मग आपोआप चालू होतं, असं कोणी सांगितलं की मी एसएमपीएसवर खूण करून ठेवते. चांगल्या एसएमपीएसमध्ये जास्त तापल्यावर स्वतःला बंद करण्याची सोय असते आणि थंड होईपर्यंत तो मशीन उठू देत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते आणि लोक तिचा फोटो पाठवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का बंद झालं हे ती सांगत नाही, त्यामुळे तिच्यावरून कुठलाही पार्ट बदलायला घेऊ नका.

आधी आकडे, मग पेचकस

माझा भाचा पुण्याहून शिक्षण संपवून परत आला तेव्हा त्याचं मशीन बसच्या डिकीतून आलं. आल्यापासून गेममध्ये बंद पडायला लागलं. एका दुकानात त्याला सांगितलं, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवं घ्यावं लागेल. ताई माझ्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाली, “अगं, एवढे पैसे आता कुठून आणायचे?” मी फक्त तापमान मोजायचा प्रोग्राम टाकला आणि गेम सुरू करायला सांगितलं. ग्राफिक्स कार्ड ७१ अंशांवर शांत बसलं होतं. प्रोसेसर १०० वर होता. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. प्रोसेसरच्या कूलरची एक पिन प्रवासात सुटली होती. पाच मिनिटांचं काम.

म्हणून माझा आग्रह असतो, की मोजल्याशिवाय काही उघडायचं नाही आणि काही विकत घ्यायचं नाही.

एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम घ्या. उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा आणि खालच्या पट्टीतलं बटण दाबून नोंदी फाइलमध्ये साठवायला लावा. फाइल यासाठी, की मशीन बंद पडलं की स्क्रीनवरचे आकडेही जातात. फाइल मात्र राहते आणि तिची शेवटची ओळ सांगते, की बंद पडायच्या दोन सेकंद आधी कोण किती तापलं होतं. खोलीत एक साधा थर्मामीटर टांगा आणि त्याचाही आकडा वहीत लिहा. पार्टचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्या पार्टने स्वतः काढलेली उष्णता. हिवाळ्यात १८ अंशांच्या खोलीत ७२ वर राहणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत साधारण ९२ वर जाणार. मशीन बिघडलेलं नसतं, त्याच्याकडे जी थोडी मोकळीक होती ती उन्हाळ्याने खाल्लेली असते.

आकडे कसे वाचायचे? इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ती ९० ते ९५ आहे. रायझन ७००० मधले एक्स अक्षराचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ ला टेकतातच, ते तसे बनवले आहेत, त्याने घाबरू नका. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३-८४ च्या आसपास आपला वेग उतरवायला लागतात. एएमडीच्या कार्डात ‘हॉट स्पॉट’ (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) नावाचा आकडा वेगळा असतो, त्याची मर्यादा ११० आहे, त्यामुळे तिथे ९५ दिसलं तरी आकाश कोसळत नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं अर्धं काम सोपं होतं. आजचे प्रोसेसर आणि कार्डं तापली की आधी वेग कमी करतात. म्हणजे आधी गेम अडखळतो, मशीन बंद पडत नाही. अडखळण्याचा टप्पा न येता, ७०-७५ अंशांवर असतानाच मशीन खटकन बंद होत असेल, तर दोष बहुधा वीज पुरवणाऱ्या भागात आहे: यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, एसएमपीएस किंवा मदरबोर्डवरचे व्होल्टेज सांभाळणारे भाग.

जिथे ठेवलंय ती जागा

बहुतेक घरांत मला मशीन कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात मिळतं. मागे फळी, दोन्ही बाजूंना फळ्या, पुढे दार. धूळ बसू नये म्हणून ते दार लावलेलं. आतली गरम हवा बाहेर जात नाही, तीच पुन्हा पुढून आत ओढली जाते, आणि कप्प्यात खोलीपेक्षा कितीतरी जास्त उकाडा होतो. हात घालून बघा, कळतं. मशीन कप्प्याबाहेर काढा आणि मागे भिंतीपासून निदान एक वीत जागा सोडा. गालिच्यावर किंवा थेट फरशीवर ठेवू नका, कारण बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खालून हवा घेतो. दोन विटांवर फळी टाकून त्यावर ठेवलं तरी चालतं. वरून घातलेलं भरतकामाचं कव्हर मशीन चालू असताना काढायचंच.

मग बाजूचं झाकण काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. आकडे दहा किंवा जास्त अंशांनी उतरले, तर आतले पार्ट ठीक आहेत, कॅबिनेटला श्वास घेता येत नाही. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर दोष खुद्द प्रोसेसरच्या किंवा कार्डाच्या कूलरमध्ये शोधायचा. ही चाचणी फुकट आहे आणि निम्मा गोंधळ मिटवते. झाकण कायमचं काढून ठेवू नका, धूळ दुप्पट वेगाने बसते आणि घरात लहान मूल असेल तर बोट पंख्यात जातं.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल आवर्जून लिहिते. उन्हाळा आला की घरोघरी तो खिडकीत बसतो आणि मुलं त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर वळवतात. खोली गार होते तितका फायदा मशीनलाही होतो, ते खरं. पण झोतासोबत बारीक थेंब येतात, आणि बोअरिंगच्या जड पाण्याने कूलरच्या जाळ्यांवर जे पांढरं साचतं, तेच हळूहळू मदरबोर्डवर बसतं. मागच्या वर्षी शेजारच्या काकूंच्या घरी मी एक ग्राफिक्स कार्ड उघडलं तर पट्ट्यांच्या कडांवर खडूसारखी पांढरी किनार होती, नखाने खरवडली तरी निघेना. कूलर खोली गार करायला ठेवा, झोत मशीनकडे नको, आणि समोरची खिडकी उघडी राहू द्या, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

यूपीएसला वगळून बघा

ही तपासणी लोक सहसा करत नाहीत, म्हणून मी ती इतकी वर ठेवली आहे. मी स्वतः पहिल्यांदा हा बिघाड काढायला बसले तेव्हा घरच्या मशीनला नवा एसएमपीएस आणला. चार हजार गेले आणि दुसऱ्याच दिवशी मशीन पुन्हा बंद. दोष यूपीएसचा होता. त्या पैशांची हळहळ मला आजही आहे.

घरगुती यूपीएस बहुधा ६०० व्हीएचा असतो. तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. ऑफिसच्या मशीनला तेवढं खूप झालं, पण ग्राफिक्स कार्डवालं मशीन गेममध्ये मॉनिटर धरून सहज तीन-चारशे वॅट ओढतं. त्या क्षणी यूपीएस हात टेकतो. संध्याकाळी सगळीकडे एसी लागले की व्होल्टेज उतरतं, यूपीएस ‘टक’ असा आवाज करून बॅटरीवर जातो, आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झालेली असेल तर गेमचा भार ती एक सेकंदही पेलत नाही. लक्षण अगदी उष्णतेसारखंच दिसतं: फक्त गेममध्ये आणि उन्हाळ्यातच.

मशीनची वायर यूपीएसमधून काढून भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये सरळ लावा आणि एक संध्याकाळ खेळा. मध्ये एक्स्टेंशन बोर्डही नको. बंद पडणं थांबलं तर पुढचं काहीही करायची गरज नाही, जास्त क्षमतेचा यूपीएस किंवा नवी बॅटरी घ्या. प्लग काढताना त्याच्या पिना आणि सॉकेट बघून घ्या. पिवळसर-तपकिरी डाग किंवा जळका वास असेल तर ते सॉकेट वापरू नका, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

गेमलाच थोडा आवर

मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा असेल तर तो सेकंदाला ७५ च चित्रं दाखवणार. कार्ड मात्र १६० बनवत बसतं आणि तेवढी उष्णता काढतं. काही गेम तर नुसत्या मेनूच्या पानावर कार्डाला पूर्ण वेगाने पळवतात. गेमच्या किंवा कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमची कमाल संख्या मॉनिटरइतकी बांधून टाका. एकाही पैशाचा खर्च नाही, आणि जुन्या कार्डांवर याने आठ-दहा अंश उतरलेले मी पाहिले आहेत.

कोणी ओव्हरक्लॉक करून (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगावर लावून) दिलं असेल तर ते आधी मूळ जागी आणा. तरीही भागलं नाही तर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. खेळात फरक फार जाणवत नाही, तापमानात जाणवतो. प्रोसेसरसाठी विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ केलं की बहुतेक मशीनवर टर्बोचा, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव, वेग बंद होतो. हे मी उपाय म्हणून नाही, चाचणी म्हणून करते: ९९ वर मशीन तासभर टिकलं, तर बोट प्रोसेसरकडे, त्याच्या कूलरकडे आणि त्याला वीज देणाऱ्या भागांकडे वळतं.

धूळ

आता झाकण उघडायचं. मशीन बंद करून मुख्य वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते.

सगळ्यात आधी पुढची जाळी. बहुतेक कॅबिनेटचा पुढचा प्लॅस्टिकचा भाग ओढला की निघतो आणि त्यामागे बारीक जाळी असते. आमच्या रस्त्यावर सावरीची दोन मोठी झाडं आहेत. एप्रिलमध्ये बोंडं फुटली की कापूस उडत घरात येतो आणि पंखे तो ओढून घेतात. ताईच्या घरची जाळी काढली तेव्हा तिच्यावर करड्या रंगाचा थर होता, गोधडीच्या अस्तरासारखा, एका कडेने धरून उचलला तर अखंड निघाला. त्या थरातून हवा कुठून जाणार? जाळी साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवली. त्या एका कामाने कार्ड ८६ वरून ७७ वर आलं.

आतली धूळ गच्चीत किंवा अंगणात काढायची, नाकाला रुमाल बांधून. हातात धरायचा विजेचा ब्लोअर चांगला, पण वीतभर अंतरावरून. हवा मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डात जाऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. ओलं फडकं तर नाहीच.

प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये धूळ कुठे दडते? पंख्याच्या खाली, जिथून हवा पट्ट्यांमध्ये शिरते त्या तोंडाशी. वरून सगळं स्वच्छ दिसतं. टॉर्च लावून पात्यांच्या फटीतून आत बघा. करडी गादी दिसली तर पंखा सोडवून मऊ ब्रशने ती उचलावी लागेल.

मशीन देवघराशेजारी किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी असेल तर धूळ कोरडी राहत नाही. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ तिला चिकट करतात, ब्लोअरने ती हलतही नाही. तिथे ब्रश आणि थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागतं, आणि मशीनची जागा बदलावी लागते. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

पंखे

झाकण उघडं ठेवून मशीन चालू करा आणि आत हात न घालता नुसतं बघा. सगळे पंखे फिरतात का? एखादा घरघरतो का? एखादी वायर पात्याला अडते का? एचडब्ल्यूइन्फोत प्रत्येक पंख्याचे फेरे दिसतात. प्रोसेसरच्या पंख्याचा आकडा शून्य असेल आणि पंखा फिरतही नसेल, तर उत्तर मिळालं. पाण्याने गार होणारा कूलर असेल तर त्याच्या पंपाचे फेरे बघा. पंप मेला की पंखे गरगर फिरतात पण प्रोसेसर मिनिटाभरात मर्यादेला भिडतो.

दिशा तपासायला पातळ कागदाची पट्टी धरा. पुढच्या पंख्याकडे पट्टी ओढली गेली पाहिजे, मागच्या आणि वरच्या पंख्याने ती बाहेर ढकलली पाहिजे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्यांची चौकट असते, त्या बाजूने हवा बाहेर येते. घरी नवा पंखा बसवताना हा नेहमी उलटा लागतो. मी असं एक मशीन पाहिलं, ज्यात पाचही पंखे हवा आत ढकलत होते.

मागे बाहेर फेकणारा पंखाच नसेल तर १२० मिलिमीटरचा एक पंखा घ्या, फार महाग नसतो. अनेक कॅबिनेटना पुढे नुसती काच आणि कडेला बोटभर फट असते, दिसायला सुंदर आणि हवेला बंद. अशा कॅबिनेटमध्ये आणखी पंखे लावण्यापेक्षा जाळीदार तोंडाचं कॅबिनेट घेतलेलं बरं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) पंख्यांचा वेग ‘सायलेंट’वर असेल तर उन्हाळ्यापुरता ‘स्टँडर्ड’ करा. तिथे असताना बायोसची नवी आवृत्ती आली आहे का तेही बघा, विशेषतः इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे आय-७, आय-९ प्रोसेसर असतील तर. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे गेम बंद पडण्याचा दोष होता, तो २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केला, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसमधून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे तापमान कितीही उतरवलं तरी जुन्या बायोसवर उपयोग नाही.

कूलरची पकड आणि पेस्ट

इथून पुढे हात स्थिर लागतो. ज्यांनी कधी केलं नाही त्यांनी पहिल्यांदा कोणीतरी जाणकार शेजारी बसवून करावं.

इंटेलसोबत येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. प्रत्येक पिन हळूच वर ओढून बघा. हलली तर ती सुटलेली आहे. एक पिन सुटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसरशी त्याचा स्पर्श अर्धाच उरतो. पुन्हा दाबताना समोरासमोरच्या तिरक्या जोड्या घ्यायच्या, आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायचं.

पकड ठीक असूनही गेम सुरू होताच प्रोसेसर झपाट्याने ९५ च्या पुढे जात असेल, आणि मशीन तीन-चार वर्षांचं असेल, तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली आहे. पेस्टचं काम एवढंच: दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा भरणं, कारण तिथे अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. वाळून भेगा पडल्या की तिथे पुन्हा हवा शिरते.

एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझन असेल तर घाई करू नका. त्याच्या पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार करा, मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत मोकळा करा. सरळ वर ओढायचा नाही.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको. नवी पेस्ट मधोमध, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी लहान. कूलरचा दाबच ती पसरवतो. नवा कूलर असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का ते दोनदा बघा. ती तशीच ठेवून बसवलेले तीन कूलर मी स्वतः काढले आहेत.

कूलर बदलून उंच, बाजूला फुंकणारा बसवला आणि त्यानंतर मशीन बंद पडायला लागलं, असंही होतं. जुना कूलर खाली फुंकत होता, त्याने सॉकेटभोवतीचे व्होल्टेज सांभाळणारे भागही गार राहत होते. स्वस्त मदरबोर्डवर त्यांना हीटसिंक नसते आणि कधी सेन्सरही नसतो, म्हणून प्रोसेसर ७० वर दिसतो आणि मशीन तरीही पडतं. झाकण काढून टेबलफॅनचा झोत त्या भागावर टाका. मशीन टिकलं तर दोष तिथे आहे, आणि तिकडे हवा नेणारा एक छोटा पंखा पुरतो.

इथे थांबा

एसएमपीएस कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही जीवघेणी वीज साचलेली असते. बाहेरच्या जाळीतून धूळ झटकणं, एवढंच आपलं काम.

ग्राफिक्स कार्ड उघडून पेस्ट बदलणं वॉरंटी संपल्याशिवाय नको. संपली असली तरी मी ते स्वतः करत नाही. आतल्या मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडी मिलिमीटरच्या अंशाने चुकली तर चिप कूलरला टेकत नाही, आणि चांगलं कार्ड कायमचं जातं.

जळका वास, कार्डाच्या वीजजोडाचं वितळलेलं प्लॅस्टिक, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर, प्रोसेसरच्या पाण्याच्या कूलरमधून ओल: यातलं काहीही दिसलं की मशीन पुन्हा चालूच करायचं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या, कॉम्प्युटरवाला नंतर.

आणि वरचं सगळं करून आकडे उतरले, मशीन सरळ भिंतीतल्या सॉकेटवर आहे, तरीही पडतं, तर आता दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच खरी चाचणी. ती घरी होत नाही. मी अशी मशीनं आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला घेऊन जाते. जाताना वही आणि एचडब्ल्यूइन्फोची फाइल सोबत असते: खोली किती, प्रोसेसर किती, कार्ड किती, किती मिनिटांनी पडलं, काय काय करून झालं. हे समोर ठेवलं की कोणी उगाच कार्ड बदलायला सांगत नाही. दुरुस्तीनंतर माझ्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवा, अशी मी आधीच अट घालते. नुसता विंडोज उघडून दाखवला तर काही कळत नाही.

गाडीत नेताना मशीन आडवं झोपवा, मदरबोर्ड खाली आणि काच किंवा उघडणारं झाकण वर येईल असं, म्हणजे जड कार्ड स्लॉटवर लोंबकळत नाही. कार्ड फार मोठं असेल तर ते काढून वेगळं, त्याच्या खोक्यात न्या. स्कूटरच्या पायदानावर उभं ठेवून कधीच नेऊ नका, वाटेतल्या खड्ड्यांनी कूलरच्या पिना पुन्हा सुटतात.